पेटीतले ग्रंथ आणि साक्षीची अमानत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मशिदीच्या माळ्यावरची कौले बदलण्याचे काम निघाले, तेव्हा तेथे ठेवलेली एक सागवानी पेटी खाली आणावी लागली. या मशिदीत मी इमाम म्हणून आलो त्याला सात वर्षे झाली. रमजानमधील तरावीहसाठी लागणाऱ्या जादा सतरंज्या वर्षभर त्या पेटीवर रचून ठेवण्याची रीत होती आणि ती मीही चालू ठेवली. पेटीत बुजुर्गांचे ग्रंथ आहेत एवढे मला ठाऊक होते. ती उघडून पाहावी, असे सात वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नाही. अरबी शिकलेल्या माणसाने अरबी ग्रंथांवर सतरंज्या रचाव्यात, ही गोष्ट आज लिहितानाही मला अस्वस्थ करते.

पेटी उघडली तेव्हा तीत सदतीस हस्तलिखिते निघाली. काही बांधलेली, काही नुसती फडक्यात गुंडाळलेली. कसर लागून पानांना जाळी पडलेली, पण अक्षर बहुतेक ठिकाणी शाबूत. ती पाहायला जमलेल्या मंडळींनी तेथल्या तेथे तीन सल्ले दिले. एका तरुणाने सांगितले की जीर्ण पाने घरात ठेवणे बेअदबी आहे, ती अदबीने खाडीत सोडून द्यावीत. कमिटीतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, पेटी पुन्हा बंद करा आणि कुणाला कळू देऊ नका. यादी झाली की आज दलाल येतील, उद्या सरकार येईल. आणि आमचे हाजीसाहेब, ज्यांचा शब्द आमच्या जमातीत कुणी सहसा मोडत नाही, ते एका मोठ्या कुरआन शरीफवर हात ठेवून म्हणाले, "मौलाना, यादी जरूर करा. पहिल्या ओळीत लिहा, हजरत आलमगीर रहमतुल्लाह अलैह यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला कुरआन शरीफ. आमचे वडील हेच सांगत."

तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी अदब होती, हे मी नाकारत नाही. तरीही तिन्ही मला मान्य करता आले नाहीत. ते का, याचा विचार या लेखात करायचा आहे.

खाडीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. जो मुसहफ तिलावतीच्या उपयोगाचा राहिला नाही तो स्वच्छ कापडात गुंडाळून पायाखाली न येणाऱ्या जागी दफन करावा किंवा वाहत्या पाण्यात सोडावा, अशी अनुमती फुकहांनी दिली आहे. ह. उस्मान (रजि.) यांनी उम्मतला एका लिखित पाठावर एकत्र आणताना इतर लिखाणे जाळण्याचा आदेश दिला होता, ही घटना सहीह बुखारीत नोंदलेली आहे आणि तिचाही आधार दिला जातो. परंतु या अनुमतीला 'वाचण्याजोगे न राहणे' ही अट आहे. कसरीने चाळणी झालेले पान वाचता येत असेल तर ते जीर्ण आहे, निरुपयोगी नाही. आणि वाचता येते की नाही हे वाचल्याविना कसे ठरणार? सनआ शहरातील जामा मशिदीत १९७२ साली छताची दुरुस्ती करताना जुन्या चामडी पानांचा मोठा साठा सापडला. पूर्वजांनी जीर्ण झालेली कुरआनची पाने पाण्यात न सोडता छताच्या पोकळीत ठेवली होती. त्यांतील काही पाने हिजरीच्या पहिल्या शतकातील आहेत, असे अभ्यासक मानतात. त्या येमेनी लोकांनीही अदबच केली होती. फरक एवढाच की त्यांच्या अदबीने ते पान पुढल्यांसाठी शिल्लक ठेवले.

दुसरा सल्ला, म्हणजे पेटी पुन्हा बंद करण्याचा. याचे उत्तर शोधताना मला बगदादच्या एका पुस्तकविक्रेत्याची आठवण झाली. इब्न नदीम हा वर्राक, म्हणजे ग्रंथांच्या नकला करून विकणारा. हिजरी ३७७ (इ.स. ९८७) मध्ये त्याने 'अल-फिहरिस्त' हा ग्रंथ सिद्ध केला. अरबी भाषेत त्या काळापर्यंत जे जे लिहिले वा भाषांतरित झाले होते त्याची, दहा भागांत विभागलेली ती सूची आहे. तीत कुरआनविषयक विद्या आहेत, फिकह आहे, व्याकरण आहे, आणि हिंदुस्थानातील धर्मपंथांची माहितीही आहे. कवींच्या भागात तो प्रत्येकाचे काव्य किती पानांचे आहे हे सांगतो आणि आधीच खुलासा करतो की पान म्हणजे अमुक एक प्रकारचे, एका बाजूला वीस ओळी असलेले. दुकानदाराने ग्राहकाला अर्धवट प्रत पूर्ण म्हणून विकू नये, ही काळजी त्यामागे मला दिसते. आजचा सूचीकार पानांची आणि ओळींची संख्या लिहितो तेव्हा तो त्याच वाटेने चालत असतो.

या ग्रंथात इब्न नदीमने एक हकीकत सांगितली आहे. हदीसा नावाच्या शहरी ग्रंथ जमवणारा एक मनुष्य राहत असे. इब्न नदीम त्याला अनेकदा भेटला. तो मनुष्य स्नेहाने वागे, पण संग्रह दाखवायला कचरे, कारण तो ज्यांच्या अमलाखाली होता त्या हमदानी घराण्याची त्याला धास्ती होती. बऱ्याच ओळखीनंतर एके दिवशी त्याने एक मोठी पेटी उघडून दाखवली. तीत सुमारे तीनशे रतल वजनाची चामडी पाने, दस्तऐवज, मिसरी पपायरस आणि चिनी कागद होते. प्रत्येक तुकड्याखाली, हे अमक्याचे हस्ताक्षर आहे, अशी विद्वानांची एकाखाली एक साक्ष होती. त्यातच अरबी व्याकरणाच्या उगमाविषयीची चार पाने होती. त्यांचा कागद चिनी असावा असे मला वाटते, असे इब्न नदीम लिहितो. पुढे तो संग्राहक वारला आणि पेटी नाहीशी झाली. इब्न नदीमने पुष्कळ शोध घेतला, पण त्यातील एका मुसहफखेरीज काहीही पुन्हा त्याच्या नजरेस पडले नाही.

ही हकीकत मी त्या वयस्क गृहस्थांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "भीती खरी होती ना त्याची?" मी म्हटले, खरी होती. हमदानी सरदारांची भीती खरी होती आणि आपल्या दलालांची व सरकारची भीतीही निराधार नाही. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या त्या पेटीत काय होते हे आज आपल्याला कळते ते मालकाने ती झाकून ठेवली म्हणून नव्हे, तर एका पाहुण्याने जे पाहिले ते लिहून ठेवले म्हणून. नोंद नसलेली वस्तू चोरीला गेली तर ती चोरीला गेली हेही सिद्ध करता येत नाही. मालीतील तिंबक्तूचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. तेथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत जपलेली हस्तलिखिते २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या हाती गेल्यावर अब्दुल कादिर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुपचूप राजधानी बामाकोला हलवली. मात्र जानेवारी २०१३ मध्ये शहर सोडून पळताना त्या गटांनी अहमद बाबा संस्थेतील सुमारे चार हजार हस्तलिखिते जाळली किंवा नेली. हे करणारे दीनचेच नाव घेत होते, हे लिहिताना मान खाली जाते. त्या संस्थेच्या संग्रहाची छापील सूची १९९० च्या दशकात तयार झालेली होती. म्हणूनच, काय गेले, या प्रश्नाला तेथे उत्तर तरी देता येते.

याहून मोठी गोष्ट आमच्याच पेटीत सापडली. फिकहच्या एका छोट्या रिसाल्याच्या पहिल्या पानावर वक्फची नोंद आहे. ग्रंथ देणारी एक स्त्री आहे. हा ग्रंथ या मशिदीत शिकणाऱ्या मुलांसाठी वक्फ केला आहे, तो विकू नये, कुणास बक्षीस देऊ नये, वारसाहक्कात वाटू नये, असा त्या नोंदीचा आशय आहे. ज्यांनी वक्फचे नियम वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे की वाकिफने घातलेली वैध अट शरीअतच्या नस्ससारखी पाळायची असते. त्या बाईंची अट होती मुलांनी शिकावे ही. आम्ही तो ग्रंथ विकला नाही, बक्षीस दिला नाही, वाटला नाही. पण मुलांच्या हातीही दिला नाही. म्हणजे मनाई पाळली आणि हेतू मोडला. कुलूप लावल्याने अमानत सुरक्षित राहिली, या समजुतीत किती पिढ्या गेल्या कोण जाणे. इल्म लपवणाऱ्याविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला इशारा आपण मिंबरावरून इतरांना सांगतो. तो माळ्यावरच्या पेटीलाही लागू आहे, असे मला त्या दिवसापूर्वी सुचले नव्हते.

आता हाजीसाहेबांचा आग्रह. हाच खरा अवघड प्रश्न आहे, कारण येथे लपवणे नाही, उलट सांगण्याची उत्कंठा आहे.

त्या कुरआनची अखेरची पाने गहाळ आहेत. कातिब आपले नाव व सन जेथे लिहितो तो तरकीमाच नाही. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर मात्र निळ्या शाईत, बऱ्याच अलीकडच्या उर्दू अक्षरात, ही प्रत आलमगिरांची असल्याचे लिहिले आहे. आलमगीर कुरआनच्या प्रती स्वहस्ते लिहीत, हे इतिहासाला मान्य आहे. त्यामुळेच त्यांच्या नावाच्या प्रती हिंदुस्थानात ठिकठिकाणी दाखवल्या जातात. आमची प्रत त्यांची नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. "मग बिघडते कुठे?" हाजीसाहेबांनी विचारले. "लोकांच्या मनात मशिदीचा मान वाढेल. मुले कुरआनकडे ओढली जातील. नियत तर चांगलीच आहे."

नियत चांगली असताना, आणि खोटे सिद्ध होत नसताना, अधिक सांगणे पाप आहे काय? मदरशात शिकलेला एक धडा येथे माझ्या उपयोगी पडला. हदीस मिळवण्याचे आठ मार्ग मुहद्दिसांनी सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा म्हणजे 'विजादह'. एखाद्याला कुणाचे लिखाण सापडले, पण ते त्याने लेखकाच्या तोंडून ऐकलेले नाही आणि पुढे सांगण्याची इजाजतही त्याला मिळालेली नाही, तर त्याने काय म्हणावे? इब्न सलाह (मृ. हिजरी ६४३) यांनी आपल्या 'मुकद्दमा'त याचे नियम दिले आहेत. हस्ताक्षराची खात्री असेल तर, मला अमक्याच्या हस्ताक्षरात सापडले, एवढेच म्हणायचे. त्याने मला सांगितले, असे म्हणायचे नाही. हस्ताक्षराची खात्री नसेल तर आणखी एक पायरी खाली उतरायचे आणि म्हणायचे की मला एका ग्रंथात सापडले, ज्याचे अक्षर अमक्याचे असल्याचे सांगितले जाते. ज्यांना प्रेषितांचा (स.) प्रत्येक शब्द प्राणाहून प्रिय होता त्यांनीच 'सापडले' आणि 'ऐकले' यांच्यामध्ये एवढी उंच भिंत बांधली. श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्या नावावर आपल्या पदरचा एक शब्दही जाऊ नये, हा त्या श्रद्धेचाच धाक होता.

हस्तलिखितांची सूची करणारा याच भिंतीजवळ बसलेला असतो. तो पुढे येणाऱ्या, ज्याचे तोंडही त्याने पाहिलेले नाही अशा वाचकापुढे साक्ष देत असतो. साक्षीदाराने पाहिलेले लपवले तर गुन्हा, आणि न पाहिलेले सांगितले तरीही गुन्हा. सूरह बकरहमध्ये देण्याघेण्याचा लेख लिहिणाऱ्याला न्यायाने लिहिण्याची ताकीद दिली आहे आणि पुढच्याच आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरवले आहे. दोन्ही आज्ञा एकमेकींच्या शेजारी आहेत, हे मला अर्थपूर्ण वाटते.

इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात ४०८ पानांचा एक प्राचीन मुसहफ आहे. तो ह. उस्मान (रजि.) यांचा म्हणून शतकानुशतके पूजनीय मानला गेला. तैय्यार आल्तिकुलाच यांनी त्याचा शब्दन्‌शब्द तपासून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. हे गृहस्थ तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार खात्याचे माजी प्रमुख, स्वतः किराअतचे अभ्यासक. त्यांनी लेखनपद्धतीच्या आधारे निष्कर्ष काढला की ही प्रत ह. उस्मान (रजि.) यांची स्वतःची नाही आणि त्यांनी प्रांतोप्रांती पाठवलेल्या प्रतींपैकीही नाही, ती त्यानंतरची आहे. असे लिहिल्याने त्या मुसहफची किंमत कमी झाली का? उलट, इतक्या जुन्या प्रतीचा पाठ आजच्या आपल्या पाठाशी जुळतो, ही साक्ष आता पुराव्यासह उभी राहिली. नावाचा मोठेपणा गेला आणि ग्रंथाचा मोठेपणा हाती आला.

आणि जेथे बादशहाचे हस्ताक्षर खरोखर आहे तेथे ते स्वतः बोलते. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात दीवान-ए-हाफिजची एक प्रत आहे. फाल पाहण्यासाठी हुमायून व जहांगीर ती उघडत आणि कोणत्या प्रसंगी काय निघाले ते समासात लिहीत. खुदाबख्श खान यांना वडिलांकडून सुमारे चौदाशे हस्तलिखिते मिळाली आणि त्यांबरोबर ती सर्वांसाठी खुली करण्याची वसीयतही. १८९१ मध्ये ग्रंथालय उघडले तेव्हा संख्या चार हजारांच्या आसपास गेली होती. ते नामांकित वकील होते, तरी त्यांनी स्वतः 'महबूबुल अलबाब' ही सूची लिहिली. पुढे मौलवी अब्दुल मुक्तदिर यांच्या हातची तपशीलवार सूची १९०८ पासून खंडाखंडाने निघाली. तीत ग्रंथाची सुरुवात, कातिब, सन, पाने, ओळी, मोहरा, दोष, सारे येते. एकेका ग्रंथासाठी एवढे कष्ट कशाला, असे मला पूर्वी वाटत असे.

हे सर्व हाजीसाहेबांना मी मोठ्या तोऱ्यात ऐकवले आणि आठवड्याभरात मीच त्या भिंतीवरून उडी मारायला निघालो. पेटीत तफसीरचा एक तुकडा आहे. पुढची-मागची पाने नाहीत. त्यात एका सूरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरहच्या विषयाला धरून लावलेला दिसला आणि माझे हात थरथरले. माहीमचे मखदूम अली महाइमी (रह.) यांच्या 'तबसीरुर्रहमान' या तफसीरचे हेच वैशिष्ट्य आहे. कोकणच्या मातीतला हा थोर मुफस्सिर हिजरी ८३५ मध्ये वारला आणि त्याची तफसीर हिजरी १२९५ मध्ये थेट कैरोच्या बूलाक छापखान्यात छापली गेली. आमच्या पेटीत त्यांच्या तफसीरची हस्तलिखित प्रत! मी नोंदवहीत नावही लिहून टाकले. माझ्या एका ज्येष्ठ उस्तादांना फोनवर ही आनंदवार्ता दिली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "छापील प्रतीशी मिळवून पाहिलंस का?" पाहिले नव्हते. नंतर मिळवून पाहिले. एकही वाक्य जुळले नाही. मी ते नाव खोडले. खोडलेले तसेच दिसू दिले आहे, पान फाडले नाही. हाजीसाहेबांना आलमगीर हवे होते, मला मखदूमसाहेब हवे होते. दोघांच्या हव्यासात फरक असलाच तर एवढाच की माझ्याकडे सनद होती आणि त्यामुळे माझी चूक लोकांनी लगेच खरी मानली असती.

त्यानंतर काम सावकाश झाले. नाव नसलेला ग्रंथ ओळखायचा तो हम्द व दरूदनंतरच्या पहिल्या वाक्यांवरून, म्हणून ती वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यायची. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, त्याला रिकाब म्हणतात. रिकाब जुळला नाही की समजावे, मधले पान गेले किंवा बांधणाऱ्याने उलटसुलट बांधले. मक्तबमधली दोन मोठी मुले आता रिकाब जुळवण्यात पटाईत झाली आहेत. वक्फच्या नोंदीतला तो रिसाला त्यांनीच प्रथम वाचून काढला, अर्थात हात धुऊन आणि माझ्या देखरेखीखाली. कसरीवर घरगुती औषधे कुणीही करू नयेत, हे येथे सांगून ठेवतो. कडुनिंबाचा पाला ठेवण्यापलीकडचे काही करायचे असेल तर जाणकारांना विचारावे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने नोंदीचे जे रकाने ठरवले, त्याच धर्तीवर आम्ही आमची वही आखली. वहीची एक प्रत मशिदीत आहे, दुसरी गावाबाहेर ठेवली आहे. सदतीसपैकी अकरा ग्रंथांच्या कर्त्याचा रकाना रिकामा आहे. इब्न नदीमनेही जेथे माहिती मिळाली नाही तेथे कोरी जागा सोडली होती, हे वाचल्यापासून त्या रकान्यांची मला लाज वाटेनाशी झाली.

त्या कुरआन शरीफची नोंद अशी आहे: "अखेरची पाने गहाळ. कातिबाचे नाव व सन दिसत नाही. कोऱ्या पानावर नंतरच्या अक्षरात ही प्रत आलमगीर बादशहांची असल्याचे लिहिले आहे. मशिदीतील बुजुर्ग पिढ्यान्‌पिढ्या तसे सांगतात. नोंद करणाऱ्याने याला दुसरा पुरावा पाहिलेला नाही."

हाजीसाहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "वडिलांचे म्हणणे लिहिलेत," ते म्हणाले. मी म्हटले, "हो, जेवढे ते म्हणत तेवढे." ते काही बोलले नाहीत. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवायची की नाही, हा विषय त्यांनी कमिटीच्या पुढच्या बैठकीपर्यंत ठेवला आहे. त्याच बैठकीत सतरंज्यांसाठी नवे कपाट घेण्याचा माझा अर्जही आहे.